शब्दचर्चा : अणुभट्टीची 'क्षमता' की 'शक्ती'? आणि कॅलिब्रेशनला काय म्हणावं?

राजारामपुरी : एका मजकुरात 'रिॲक्टर पॉवर'ला 'भट्टीची क्षमता' आणि 'कॅलिब्रेशन'ला 'प्रमाणीकरण' केलंय. दोन्ही खटकतात. काय लिहावं?

उद्यमनगर : क्षमता नकोच. आपल्याकडं फौंड्रीत 'पाचशे किलोची भट्टी' म्हणतात, ती क्षमता. ती साडेतीनशे किलोवॅट ओढते, ती शक्ती. अणुभट्टीत आणखी एक घोळ असतो. '220 मेगावॅटची' म्हणतो ती वीज. आत तयार होणारी उष्णता तिच्या तिपटीहून जास्त. परवान्यातली मर्यादा उष्णतेवर असते, म्हणून 'औष्णिक शक्ती' लिहा.

शाहूपुरी : क्रियापदही जपा. न्यूट्रॉन मापक शक्ती 'दाखवतो', तीही क्षणात. पण त्याला कळतो फक्त न्यूट्रॉनांचा ओघ. मापक भट्टीच्या पात्राबाहेर असेल आणि मधलं पाणी गार झालं, तर ते दाट होऊन जास्त न्यूट्रॉन अडवतं. मग भट्टी तेवढीच तापलेली असूनही आकडा कमी दिसतो.

खरी औष्णिक शक्ती हिशेबानं 'काढतात'. समजा, बाष्पजनित्रात, म्हणजे भट्टीच्या उष्णतेनं पाण्याची वाफ करणाऱ्या पात्रात, सेकंदाला 1000 किलो पाणी 220 अंशांवर जातंय. त्याची वाफ व्हायला किलोमागं सुमारे 1830 किलोज्यूल लागतात, म्हणजे 1830 मेगावॅट. तापमान 1 अंशानं चुकलं तर साधारण 4-5 मेगावॅटचा फरक; प्रवाह 1 टक्क्यानं चुकला तर 18 चा. सगळी मेख प्रवाहात आहे.

उद्यमनगर : आणि प्रवाहाची मेख व्हेंचुरीत, म्हणजे पाइपात बसवलेल्या अरुंद गळ्याच्या नळीत. गळ्यात दाब घटतो, त्या दाबफरकावरून प्रवाह काढतात. गळ्यात थर बसला की दाबफरक वाढतो, प्रवाह जास्त दिसतो, हिशेबात शक्तीही जास्त भरते, म्हणून भट्टी प्रत्यक्षात कमी शक्तीवर चालते. वीज बुडते, एवढंच. पण थर धरून दुरुस्तीचा गुणक लावला आणि पुढं थर अचानक सुटला, तर पडद्यावर 100 टक्के आणि आत त्याहून जास्त! म्हणून अल्ट्रासॉनिक प्रवाहमापक बसवतात. त्यात गळाच नाही.

कसबा बावडा : 'प्रमाणीकरण' म्हटलं की डोळ्यांपुढं दाखला आणि शिक्का येतो. 'अंशांकन' म्हणजे नळीवर खुणा पाडणं. इथं न्यूट्रॉन मापकाचा आकडा उष्णतेच्या हिशेबाशी जुळवतात, तेव्हा माझं मत 'जुळवणी'ला. अमेरिकेतल्या दाबपाणी भट्ट्यांत (पाणी दाबाखाली ठेवून उकळू न देणाऱ्या) ही तुलना रोज होते. फरक 2 टक्क्यांवर गेला की मापकाचा गेन (संकेत किती पट वाढवायचा तो गुणक) बदलतात.

एक पथ्य : कमी शक्तीवरच्या हिशेबावर भरवसा ठेवून न्यूट्रॉन मापकाचा आकडा खाली ओढू नये. व्हेंचुरीतला दाबफरक प्रवाहाच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात बदलतो. 20 टक्के प्रवाहाला तो पूर्ण दाबफरकाच्या 4 टक्केच उरतो. तेवढ्यात चूक सहज खपून जाते.

राजारामपुरी : 'जुळवणी' पटली. भट्टी बंद केल्यावर 'शक्ती शून्य' लिहिलं तर चालेल?

शाहूपुरी : नाही. विखंडन, म्हणजे अणू फुटणं, थांबलं तरी विखंडनातून उरलेल्या द्रव्यांच्या किरणोत्सारानं सुरुवातीला पूर्ण शक्तीच्या 6-7 टक्के उष्णता निघत राहते. न्यूट्रॉन मापकाला ती दिसत नाही. 'विखंडन थांबलं' लिहा.

कसबा बावडा : तिला 'उरलेली ऊब' म्हणू नका बरं. गुऱ्हाळात जाळ काढल्यावर काहिलीत रटरटतं, ती साठलेली उष्णता. ही नव्यानं तयार होत असते, म्हणून 'क्षय-उष्णता'.