जुन्या दुनळीचा डावा घोडा नीट ठोकत नाही – मदत हवी आहे

मंडळी, आजोबांची बारा बोअरची दुनळी बंदूक आता माझ्या नावावर आहे, परवान्यासकट. बनवणारा कारखाना कधीच बंद पडला, त्यामुळे सुटे भाग नाहीत, नकाशा नाही आणि विचारायला कोणी नाही.

त्रास असा: उजवी नळी व्यवस्थित चालते. डावीत मात्र तीनातली एक गोळी उडतच नाही. न उडालेल्या काडतुसाच्या टोपीवर (मागच्या बाजूचा, ठोका बसला की पेटणारा भाग) खूण पडते, पण उथळ. म्हणजे टोपीवर आदळणारी पिन पोचते, जोर कमी पडतो. (अशा वेळी नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबतो, मगच उघडतो.)

माझा पहिला संशय सुकून चिकट झालेल्या तेलावर. आजोबा तेल सढळ हाताने घालायचे! लाकडी दस्ता काढून साफ करायचं मनात आहे, पण स्क्रूच्या खाचा फार अरुंद आहेत आणि साधा पेचकस डोकी खराब करील. पाती घासून खाचेत घट्ट बसेल अशी केली तर चालेल का?

दुसरं, घोड्याला जोर देणारी स्प्रिंग गुंडाळीची नाही, वाकवलेल्या पट्टीची आहे. ती थकली आहे की पिनचं टोक झिजलंय, हे स्प्रिंग न काढता कसं ओळखायचं? पट्टी चुकीची दाबली की तुटते, एवढं ऐकलंय. सरावाची नकली काडतुसं आहेत माझ्याकडे.

चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) ६५ मिमीचं आहे, म्हणून ७० मिमीची काडतुसं वापरत नाही. काडतुसाच्या लांबीबद्दल सल्ला नको.