हायवेच्या भरावाला पांढरी उचलायच्या आधी कुणी बघून तरी जावं

तेरणाकाठ
मागच्या उन्हाळ्यात हायवेच्या भरावासाठी आमच्या शिवारातलं पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड निम्मं उचललं. मी दोन दिवस तिथंच उभा होतो, पोकलेननं बकेट उपडी केली की राखेसारखी माती भसाभसा पडायची अन् तिच्यात खापरं, जळकी हाडं, शंखाच्या बांगडीचे तुकडे. एक तुकडा धुऊन बघितला तर आतली कड गुळगुळीत, कुणाच्या तरी मनगटावर वर्षानुवर्षं घासलेली. बाकी सगळं डंपरात गेलं आणि वरून रोलर फिरला. आमचं गाव तेरपासून लांब नाही, तेर म्हणजे जुनं व्यापारी गाव तगर, पेरिप्लस या जुन्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणसोबत त्याचं नाव आहे, इथला माल भडोचच्या बंदराला जायचा. अशा पट्ट्यात काम सुरू व्हायच्या आधी पुरातत्त्वाची माणसं एकदा फिरली पाहिजेत, एवढीच मागणी आहे.

सातबारा_बीड
भाऊ, खापरं आमच्या प्रत्येक गावात निघतेत, म्हणून काय रस्ते थांबवायचे का? आमच्या काकाला रात्री संभाजीनगरला न्यायचं होतं, खड्ड्यातून ॲम्बुलन्स वेळेत पोचलीच नाही, ते मी विसरणार नाही. आणि सर्वे झाला की १०० मीटरमध्ये बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरला परवानगी, मग शेतकऱ्यानं गोठा कुठं बांधायचा?

तेरणाकाठ
काकांचं वाचून वाईट वाटलं, रस्ता मलाही पाहिजेच. पण ती १०० अन् २०० मीटरची अट केंद्राच्या संरक्षित स्मारकाला आहे, खापर सापडलं म्हणून तुमच्या रानाला लागू होत नाही. आणि काम थांबवाच असं कुठं म्हणतोय मी. नागार्जुनसागरचं पाणी चढायच्या आधी १९५४ ते १९६० तिथलं नागार्जुनकोंड्याचं जुनं बौद्ध ठिकाण खणून घेतलं, काही वास्तू उचलून वर नेल्या, आणि धरणही झालंच की. आपल्याकडं तर नांगरट झालेल्या रानातून चार माणसं चालली तरी निम्मं कळतं, खापर वरच येतं.

बारव_शोधक
एक गोष्ट राहतेय. मोजणी होते ती रस्त्याच्या पट्ट्याची, माती येते बाजूच्या शिवारातून. गौण खनिजाच्या परवान्यात किती ब्रास ते लिहितात, रॉयल्टी भरतात, पण ती माती काळीची म्हणजे शेतातली, की पांढरीची हे कुणी विचारत नाही. पांढरी म्हणजे शेकडो वर्षं पडलेल्या मातीच्या भिंती, चुलीची राख, शेण, तिचा मुरूम कसा होईल? खरं नुकसान तिथं होतंय आणि रस्ता अडवायची काही गरजच नाही, मुरूम दुसरीकडून आणा.

सातबारा_बीड
हे पटलं, पण आमच्याकडं पांढरीची माती बापजाद्यापासून शेतात टाकतात, खतासारखी, ते पण बंद करणार का?

बारव_शोधक
दोन बैलगाड्या आणि दोनशे डंपर सारखे नसतात हो.

सातबारा_बीड
मान्य. पण नाणं सापडलं तर कुणी सांगणार नाही, जमीन अडकल ही भीती आहे.

तेरणाकाठ
१८७८ चा निखात निधी म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा कायदा आहे, १० रुपयांच्या वरचं काही सापडलं की कलेक्टरला कळवायचं. हे गावात कुणी समजावून सांगतच नाही, मग लोक सोनाराकडं जातात. आमचं उरलेलं टेकाड अजून उभं आहे, त्याच्या मातीचा ठराव सोमवारच्या ग्रामसभेत येणार आहे. बांगडीचा तुकडा घेऊन जातोय. बारव_शोधक, तुम्ही जवळ असाल तर या, दोघं बोललो तर ऐकतील.