बॅनर उतरल्यावर काय झालं? सेवा क्लबातले तुमचे अनुभव

मराठवाड्यात तालुक्याच्या गावालासुद्धा रोटरी नाहीतर लायन्स क्लब असतो. स्टँडजवळ चाकाचं किंवा सिंहाचं चिन्ह रंगवलेली एखादी पाणपोई दिसली, आणि ती कोरडी असली, तर समजायचं की क्लब जुना आहे. १ जुलैला नवा अध्यक्ष बसतो, ३० जूनला तो माजी होतो. मी दोन वर्षं सचिव होतो, म्हणजे पत्रिका छापणं, शाल-नारळ आणणं आणि रुसवे काढणं. तर या धाग्यावर पदग्रहणाच्या गप्पा नकोत. मंडपवाला कनाती गुंडाळून गेला, त्यानंतर जे घडलं ते लिहा. तुम्ही क्लबात असा की रांगेत उभे राहिलेले. वाईटही चालेल, फक्त क्लबाचं नि माणसाचं नाव घेऊ नका.

माझ्यापासून सुरू करतो. लायन्स मंडळींचं डोळ्यांशी नातं १९२५ पासूनचं. हेलन केलर यांनी त्या वर्षी त्यांच्या अधिवेशनात अंधांसाठी उभं राहायला सांगितलं होतं. आम्ही औसा तालुक्यातल्या एका गावात मोतीबिंदूचं शिबिर घेतलं. पूर्वी शाळेच्या वर्गात टेबलं मांडून ऑपरेशनं होत. आता गावात फक्त तपासणी, ऑपरेशन दवाखान्यात. जीपा लावून माणसं लातूरला नेली. बरीच दारातूनच परत आली. कुणाची शुगर वाढलेली, कुणाचं बीपी, कुणाला खोकला. ज्यांचं झालं, त्यांचा काळ्या चष्म्यातला फोटो पेपरात आला.

दहाव्या दिवशी दुसऱ्याच कामानं त्या गावात गेलो. फोटोत मधोमध बसलेल्या आजींचा डोळा लालभडक. थेंबांची बाटली देवळीत, जवळजवळ भरलेली. म्हणाल्या, "सून रोजानं जाती. मला माझ्या हातानं टाकता येईना, समदं गालावर वघळतंय." आम्ही थेंब दिले होते, ते टाकणार कोण हे कुणी विचारलंच नव्हतं. तसंच उचलून दवाखान्यात नेलं. डोळा वाचला. पुढच्या शिबिरापासून प्रत्येक रुग्णामागे गल्लीतलं एक सहावी-सातवीतलं पोरगं ठरवलं. शाळेत जाताना एकदा, आल्यावर एकदा, खेळायला जाताना एकदा. कार्डावर टिंब करायचं. महिनाभर पोरांनी ते इमानेइतबारे केलं. क्लबाच्या अहवालात यासाठी रकानाच नव्हता, मग 'इतर' मध्ये लिहिलं.

परभणी, औषधाचं दुकान

आमच्याकडे रक्तदान जयंतीला होतं. शिवजयंती, भीमजयंती, १५ ऑगस्ट आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस. त्या आठवड्यात रक्तपेढीचं फ्रीज ओसंडतं. पण लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स पाचच दिवस. मे महिन्यात कॉलेज बंद, लग्नसराई, वर ४३ अंश ऊन. तेव्हा थॅलेसेमियाच्या लेकराचा बाप पिशवीसाठी माझ्या दुकानाच्या पायरीवर बसलेला असतो. त्या लेकरांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्याला कसली जयंती?

म्हणून मी वही घातली. नाव, गट, शेवटचं कधी दिलं. पुरुषाला तीन महिने, बाईला चार महिने अंतर लागतं. आता कुणी डोकेदुखीची गोळी घ्यायला आला तरी मी आधी वही बघतो. दोघातिघांनी दुकान बदललं म्हणा.

एकदा खास महिलांसाठी शिबिर ठेवलं. बायका हौसेनं आल्या आणि निम्म्याहून जास्त परत गेल्या, हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली. एकीनं विचारलं, "मंग मला कमी हाय, तर मला कोण देणार?" डॉक्टर नर्सकडे बघायले, नर्स माझ्याकडे.

लातूर, विमा एजंट

खरं सांगू का, मी क्लबात शिरलो ते पॉलिसी विकायला. दर मीटिंगला सुशीला (आपला भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा), चहा आणि भाषण. लायन्समध्ये 'टेल ट्विस्टर' नावाचं एक पद असतं. उशीर झाला, पिन लावली नाही, की हा दंड उकळणार. तीन वर्षांत पॉलिसी दोन विकल्या. कमिशनपेक्षा दंड जास्त भरला. अजून जातो.

नांदेड, गृहिणी

आमच्या वेळी मिस्टर रोटेरियन आणि आम्ही त्यांच्या 'ॲन'. व्यासपीठावर ॲनचं काम गुच्छ देण्यापुरतं. पण पोलिओचा रविवार आला की आम्हीच लागायचो, कारण घरात बाईमाणसालाच घेतात. रविवारी बूथ, सोमवारपासून घरोघर. पाजलं की डाव्या करंगळीला शाई. दारावर खडूनं खूण: सगळी लेकरं झाली तर 'पी', एखादं राहिलं तर 'एक्स'. बूथवर फोटो निघतात. खरं काम एक्सच्या दारांवर. बाटलीच्या लेबलवरचा चौकोन सारखा बघायचा, उष्णतेनं तो गडद झाला की बाटली बाद.

वीटभट्टीवर दिवसा कुणी हात मोकळा करत नाही, म्हणून आम्ही संध्याकाळी बॅटरी घेऊन जायचो. तिथं एका बाईनं लेकरू पदराआड घेतलं आणि म्हणाली, "दर बारीला हेच थेंब. मागल्या महिन्यात ह्याला हगवण लागली तवा कुठं होता तुमी?" बरोबरच्या मॅडम तिला समजवायला लागल्या. मला मात्र तिचं काही चुकलंय असं वाटेना. पुढच्या फेरीला मी मीठ-साखरेची पाकिटं पिशवीत घेतली. आधी तिच्या हातात पाकीट, मग लेकराच्या तोंडात थेंब. क्लबाला हिशेब दिला तर खजिनदार म्हणाले, हा खर्च पोलिओत बसत नाही. मग घरखर्चात बसवला.

देशातला शेवटचा पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालात, हावडा जिल्ह्यात सापडला. २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. घरी सांगितलं, तर सगळे म्हणाले, "तो तर कधीच गेला होता की!"

जालना जिल्हा, जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी

दप्तर वाटप होतं. पाहुणे अकराला येणार, आले दीडला. पोरं जूनच्या उन्हात ओळीनं उभी. एक पोरगी चक्कर येऊन पडली, तिला मागं नेलं आणि तिच्या जागी दुसरी उभी केली. त्या दुसरीचं दप्तर आधीच घेऊन झालं होतं; तिनं फोटोपुरतं परत घेतलं आणि परत दिलं.

आमच्या मुलींना हवं होतं संडासात पाणी. तसा अर्ज मीच केला होता. उत्तर आलं की यंदाचा विषय 'साक्षरता' आहे.

पण हेही लिहितो, नाहीतर अन्याय होईल. त्या दिवशी मागं उभा असलेला एक सदस्य, हार्डवेअरचं दुकान असलेला, दिवाळीच्या सुट्टीत मोटारसायकलवर नळ, एल्बो आणि प्लंबर घेऊन आला. दिवसभर खपून हापशाजवळच्या टाकीपासून लाइन टाकली. मी म्हटलं, निदान दगड लावू, क्लबाचं नाव घालू. म्हणाला, "दगडाला मीटिंगमध्ये ठराव करावा लागतो, तेवढ्यात मुली दहावी होतील."

लातूर, तेव्हाची कॉलेजची पोर

२०१६ चा दुष्काळ. टाक्यांच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावलेली. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ती १२ एप्रिलला, पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. टीव्हीवाले स्टेशनवर. आमच्या गल्लीत मात्र क्लबानं दिलेली काळी प्लॅस्टिकची टाकी. टँकर कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसे, कधी रात्री दोनला यायचा.

क्लबाची मंडळी टाकी बसवून, हार घालून गेली. चावी कुणाकडे, ते ठरलंच नाही. चौथ्या दिवशी टाकीवर दोन बायका घागरीनं भांडल्या, घागरीनं म्हणजे अक्षरशः. मग माझी आजी चावी कमरेला लावून टाकीखाली बाज टाकून बसली. घरटी चार घागरी, बाळंतीण असेल तर सहा. आमच्याच घरी पाहुणे आले तेव्हा आईनं पाचवी मागितली, तर आजीनं चारचौघांत नाही म्हटलं. आई आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. ती टाकी आता एका गॅरेजवाल्याकडे आहे.

उमरगा, निवृत्त

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपले होते. भूकंपानंतर आमच्या क्लबाला काम मिळालं कपडे निवडायचं. ट्रकनं कपडे यायले, वरून पाऊस. त्यात कोट होते, उंच टाचांच्या चपला होत्या, फाटक्या नायलॉनच्या साड्या होत्या. नऊवारी लुगडं शोधून शोधून मिळंना, आणि सास्तूर-किल्लारीकडच्या म्हाताऱ्या दुसरं काही नेसायच्या नाहीत. शेवटी आम्ही आमच्या आयांची लुगडी नेली.

तुळजापूर रस्ता

कोजागरीला सोलापूरकडून चालत येणाऱ्यांचे पाय धुऊन, फोड आले असतील तिथं पट्ट्या बांधतो. रात्रभर. अनवाणी माणसाला पट्टी बांधली की ती फर्लांगभर टिकते. तरी बांधतो.

बीड जिल्हा, शेतकरी

मी रांगेतला माणूस. मळणी यंत्रात उजवा पाय गुडघ्याखाली गेला. क्लबाच्या शिबिरात जयपूर फूट मिळाला. एका दिवशी माप, नंतर बोलावून बसवला. वरची नळी आपल्या शेतातल्या पाइपाच्या जातीच्या प्लॅस्टिकची, तापवून पायाच्या मापाची केलेली. खाली रबराचं पाऊल. उकिडवं बसता येतं, चिखलात अनवाणी जाता येतं, मांडी घालून जेवता येतं. मी त्यावर दोन हंगाम कापूस वेचला.

तिसऱ्या वर्षी अंगठ्याजवळ भेग पडली. कार्डावरचा नंबर लावला. ते म्हणाले, "माझं वर्ष संपलं, नव्या अध्यक्षांना लावा." नवे म्हणाले, "तो प्रोजेक्ट मागच्यांचा." मागच्यांच्या मागचे पुण्याला लेकाकडं गेलेले. तवर पंक्चरवाल्यानं ट्यूबचा तुकडा चिकटवून दिला, तो चार महिने टिकला. पैसे घेतले नाहीत.

शेवटी शिबिरात चहा वाटणारा पोरगा बाजारात भेटला. त्यानं पाय बनवणाऱ्या कारागिराचाच नंबर मोबाइलमध्ये ठेवला होता. पुढच्या शिबिरात बदलून मिळाला. जुना पाय टाकवंना, गोठ्यात खुंटीला अडकवलाय. बायको म्हणती काढा, रात्री पाव्हणे बिचकतात.