अडत दुकानाच्या एकाच ईमेल खात्याला नियम कसे लावावेत?

प्रश्न (दिवाणजी, मार्केट यार्ड, सांगली)

सर्वांस नमस्कार. हळद आणि बेदाण्याची अडत असलेल्या पेढीत मी हिशेबाचे काम पाहतो. पेढीचे जीमेलवर एकच खाते असून खरेदीदारांच्या मागण्या, बँकेचे जमा-नावेचे संदेश, शीतगृहाच्या पावत्या, वाहतूकदारांच्या बिल्ट्या, हळदीतील कुरक्युमिनचे प्रयोगशाळेचे अहवाल आणि जीएसटीच्या सूचना हे सगळे त्यातच येऊन पडते. हंगामात सौदे आटोपून मेल उघडेपर्यंत परगावच्या खरेदीदाराचे पत्र बँकेच्या संदेशांखाली गाडले गेलेले असते. मालक मोबाइलवर मेल पाहतात, मी संगणकावर. आलेले मेल आपोआप वेगळे करणारे नियम पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर लावावेत की विषयातील शब्दांवर, आणि त्यात महत्त्वाचे पत्र नजरेआड होण्याचा धोका कितपत असतो, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर (संगणक देखभाल, विश्रामबाग)

शक्यतो पत्त्यावरच लावावेत. आपल्याकडील व्यापारी नवीन मेल क्वचितच लिहितात. गेल्या हंगामातील जुने पत्र शोधून त्यालाच ‘रिप्लाय’ करतात. त्यामुळे विषयाच्या ओळीत मागच्या वर्षीच्या राजापुरी हळदीचा भाव असतो आणि आत मात्र या आठवड्यातील बेदाण्याची मागणी असते. अशा विषयावर नियम लावला, तर पत्र भलत्याच कप्प्यात जाते.

जीमेलमध्ये हे काम संगणकावरील ब्राउझरमधूनच करावे लागते, कारण मोबाइलच्या ॲपमध्ये फिल्टर, म्हणजे असे नियम, तयार करण्याची सोय नाही. शोधपट्टीच्या उजव्या टोकाचे चिन्ह दाबून ‘फ्रॉम’ या रकान्यात पत्ता भरावा, ‘क्रिएट फिल्टर’ निवडावे आणि लेबल, म्हणजे पत्राला लागणारी नावाची चिठ्ठी, द्यावे. नियम एरवी पुढे येणाऱ्या मेललाच लागू होतो. जुन्या पत्रांनाही तेच लेबल हवे असल्यास त्याच चौकटीत शेवटी दिलेल्या पर्यायावर खूण करावी लागते. एकाच शीतगृहाचे दोन-तीन पत्ते असतील, तर त्यांच्यामध्ये ‘ऑर’ हा शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत घालून सर्वांसाठी एकच नियम करता येतो.

उत्तर (करसल्लागार, मिरज)

वरील माहिती योग्य आहे, परंतु धोक्याविषयीचा आपला प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. लेबल लावणे ही एक गोष्ट आणि ‘स्किप द इनबॉक्स’ निवडून पत्र इनबॉक्समधून हलवणे ही अगदी वेगळी गोष्ट. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम १६९ नुसार नोंदणीकृत ईमेल पत्त्यावर पाठवलेली नोटीस ही रीतसर बजावणी ठरते. ती आपण उघडली की नाही, याला महत्त्व उरत नाही. बँकेच्या संदेशांचेही तसेच आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहाराची तक्रार करण्याचे दिवस बँकेचा संदेश मिळाल्यापासून मोजले आहेत. ज्या पत्रापासून मुदत सुरू होते, त्याला रंगीत लेबल जरूर द्यावे, परंतु ते इनबॉक्समधून कधीही हलवू नये. जाहिराती, बाजारभावाची रोजची पत्रके आणि पोहोच झालेल्या मालाच्या सूचना खुशाल बाजूला जाऊ द्याव्यात. ‘डिलीट’ करणारा नियम तर पेढीच्या खात्यात असूच नये, कारण जीमेलच्या कचरापेटीतील पत्रे ३० दिवसांनी कायमची जातात.

आणखी एक विनंती. खरेदीदाराचे पत्र स्पॅममध्ये जाऊ नये म्हणून ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’ हा पर्याय लावताना त्याचा संपूर्ण पत्ता लिहावा. नुसते व्यापाऱ्याचे नाव किंवा ‘बँक’ असा शब्द लिहिल्यास फसव्या पत्रांनाही दार उघडे होते.

उत्तर (निर्यातदाराच्या कार्यालयातील कर्मचारी, तासगाव)

आमच्या कार्यालयात मेलसाठी मायक्रोसॉफ्टचे आउटलुक आहे. तेथे नियम वरून खाली या क्रमाने चालतात आणि ‘स्टॉप प्रोसेसिंग मोर रूल्स’ निवडल्यास त्या पत्रासाठी पुढचे नियम थांबतात, त्यामुळे क्रम विचारपूर्वक लावावा लागतो. जीमेलमध्ये असा क्रम नाही. जुळणारे सर्व नियम एकाच पत्राला लागू होतात. म्हणून एखाद्या पत्राला दोन लेबले लागलेली दिसली, तर ती बिघाडाची खूण समजू नये.

प्रश्नकर्ते

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. जीएसटी आणि बँकेची पत्रे इनबॉक्समध्येच ठेवून फक्त लेबल देतो. बाजारभावाची पत्रके तेवढी हलवतो. मालकांच्या मोबाइलवर मात्र खरेदीदारांच्या पत्रांचीच घंटा वाजावी, अशी त्यांची इच्छा आहे. ते शक्य आहे का?

उत्तर (संगणक देखभाल, विश्रामबाग)

अँड्रॉइड फोनवर शक्य आहे. प्रथम संगणकावर ‘खरेदीदार’ हे लेबल तयार करावे. मग मालकांच्या फोनवरील जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘मॅनेज लेबल्स’ उघडून ते लेबल ‘सिंक’ करावे, म्हणजे त्यातील पत्रे फोनवर उतरतील असे ठेवावे. त्याशिवाय सूचनेचा पर्याय दिसत नाही. त्यानंतर त्या लेबलची सूचना चालू करून इनबॉक्सची बंद करावी. अर्थात, तसे केल्यावर नोटिशीची घंटा मालकांच्या फोनवर वाजणार नाही, म्हणून संगणकावर रोज सकाळी इनबॉक्स पाहण्याची जबाबदारी आपल्याकडे राहील, हे त्यांना आधीच स्पष्ट सांगावे.