नवीन ब्रायर पाइप : वाटीच्या आतल्या भिंतीवर काळा खळगा आणि बारीक भेगा; लाकूड जळाले आहे का? मदत हवी आहे

नमस्कार. तीन आठवड्यांपूर्वी मी पहिलाच ब्रायरचा पाइप घेतला. याआधी वर्षभर मक्याच्या कणसाचा पाइप ओढत असल्यामुळे तंबाखू भरणे, दाबणे आणि पेटती ठेवणे यांची मला सवय आहे; परंतु लाकडी पाइपच्या वाटीत काजळीचा कठीण थर बसेपर्यंत तो जपून वापरावा लागतो, हे पाइप हातात आल्यावरच समजले. माझ्या पाइपची वाटी आतून कोऱ्या लाकडाची आहे, तिला कोणताही लेप दिलेला नाही.

पहिल्या पाच वेळा मी वाटी एक तृतीयांश भरली आणि नंतर दोनदा अर्धी भरली. आठव्या वेळी मात्र उघड्यावर, चांगलाच वारा असताना, जेट लायटरने पेटवून ओढत बसलो. तंबाखू ओलसर असल्याने सारखी विझत होती, म्हणून मी ती पुन्हा पुन्हा पेटवली आणि जोरात झुरके घेतले. शेवटी वाटी हातात धरवेना. दुसऱ्या दिवशी साफ करताना समोरच्या भिंतीवर, मध्याच्या थोडे खाली, मसुराच्या दाण्याएवढा काळा डाग दिसला. तो आजूबाजूच्या भागापेक्षा किंचित खोल आहे आणि त्याच्यापासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या तीन-चार बारीक रेषा निघाल्या आहेत. बाहेरून मात्र पॉलिश शाबूत आहे. ओढले त्याच दिवशी पाइप गरम असतानाच तोंडात धरायची नळी काढली होती, तीही आता थोडी सैल वाटते.

हे वरवरचे करपणे आहे की भिंत आतून जळू लागली आहे, हे कसे ओळखावे? तोपर्यंत पाइप वापरावा का? आणि वाटीला आतून मध लावल्यास भेगा भरतील, असे एकाने सुचवले आहे, ते कितपत योग्य आहे?

प्रतिसाद १

लगेच घाबरू नका, पण निदान होईपर्यंत पाइप पेटवूही नका. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या परिसरात वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी तयार होणारी गाठ. ती बराच वेळ उकळून आणि दीर्घकाळ वाळवून मगच कोरली जाते, म्हणून ती इतर लाकडांपेक्षा पुष्कळ अधिक उष्णता सोसते. तरीही ते लाकूडच आहे, आणि काजळीचा थर नसताना निखारा थेट त्याला भिडतो. नव्या वाटीचा पृष्ठभाग सुरुवातीला थोडा करपतोच. प्रश्न इतकाच, की ते करपणे पृष्ठभागावर थांबले आहे की आत शिरले आहे.

पाइप दोन दिवस पूर्ण कोरडा होऊ द्या. वाटी कागदी रुमालाने पुसा आणि विजेरीच्या उजेडात दात कोरायच्या लाकडी काडीने डाग अगदी हलके खरवडा. काळी भुकटी निघून काडी लगेच कठीण लाकडावर अडली, तर काळजीचे कारण नाही. काडी भुसभुशीत कोळशात रुतत गेली, तर तेथील लाकूड खरोखर जळाले आहे. चाकू वापरू नका, त्याने चांगले लाकूडही निघते आणि निदानच चुकते. बारीक भेगांवरून नख फिरवून पाहा. नख अडकत नसेल तर त्या उष्णतेने पडलेल्या उथळ चिरा आहेत. थर बसत जातो तशा त्या भरून निघतात. खरा धोका बाहेरून दिसतो : ओढताना एकाच ठिकाणी बोटाला चटका बसणे, तेथील रंग गडद होणे किंवा पॉलिशला फोड येणे. यांपैकी एकही चिन्ह दिसले तर पाइप ताबडतोब विझवा.

वाऱ्याबद्दलचे तुमचे वर्णन वाचून मला तरी कारणाविषयी शंका उरत नाही. वारा वाटीच्या तोंडावर भात्याचे काम करतो, निखारा तुमच्या झुरक्याशिवायच फुलत राहतो. त्यात जेट लायटरची ज्योत एकाच बिंदूवर रोखलेली आणि अतिशय तप्त असते.

प्रतिसाद २

काहीही दुरुस्त करण्यापूर्वी छायाचित्रे काढून विक्रेत्याला पाठवा. ब्रायरच्या गाठीत वाळूचे कण आणि पोकळ्या दडलेल्या असतात, आणि भिंतीच्या आत राहिलेली पोकळी कारागिरालाही दिसत नाही. अशा जागी लाकूड लवकर जळते व तो दोष तुमचा नसतो. एकदा खळग्यात लेप भरला, की मूळ कारण कोणालाच सांगता येणार नाही.

प्रतिसाद ३

मधाविषयी माझे मत प्रतिकूल आहे. कोऱ्या, निर्दोष वाटीला मधाचा पातळ हात देणारे पुष्कळ आहेत, कारण त्याला राख चिकटून थर लवकर धरतो. पण तुमच्या वाटीला भेगा आहेत, आणि मधाने धरलेला थर मऊ राहिला तर तो पोपड्यांसारखा सुटतो. भेग भरणे हे मधाचे काम नव्हे.

नळीबद्दल : गरम पाइपची नळी कधीही काढू नये. उष्णतेने नळीचे कुसू (दांडीत घुसणारे टोक) आणि वाटीला जोडलेल्या दांडीतले भोक यांचे माप बदललेले असते, त्या वेळी पिळल्यास कुसू तुटते किंवा दांडीलाच चीर जाते. तुमची नळी केवळ सैल झाली आहे, हे थोडक्यात निभावले. दांडीच्या तोंडाशी चीर नाही ना, एवढे मात्र नीट पाहून घ्या.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. काडी अंदाजे एक मिलिमीटर रुतली आणि मग कठीण लाकूड लागले. भेगांवर नख अडकत नाही, दांडीलाही चीर नाही. विक्रेत्याने छायाचित्रे पाहून हे वापरातले नुकसान असल्याचे कळवले, आणि जेट लायटरविषयी वरचे वाचल्यावर मला त्यांच्याशी वाद घालण्याचे तोंड नाही. आता खळगा भरावा का?

प्रतिसाद १

भरा. एवढ्या खोलीला सिगारची राख आणि पाणी यांचा जुना लेप पुरेसा आहे. सैल कोळसा काडीने काढून टाका. राख चाळून तिच्यात थेंबाथेंबाने पाणी घाला, टूथपेस्टइतकी घट्ट झाली की थांबा. नळीकडून पाइप क्लीनर (पाइप साफ करायची, मऊ धाग्यांची तार) घालून त्याचे टोक वाटीत येऊ द्या, म्हणजे धुराचे भोक बुजणार नाही. मग लेप खळग्यात दाबून भिंतीशी सपाट करा आणि निदान दोन दिवस वाळू द्या. लेप हा कायमचा उपाय नाही. त्याच्यावर काजळी धरेपर्यंत तो निखाऱ्याला लाकडापासून दूर ठेवतो, इतकेच त्याचे काम.

यापुढे घाई नको. तंबाखू चिमटीत दाबून सोडल्यावर गोळा न होता मोकळी व्हावी इतपत वाळवून घ्या, कारण ओली तंबाखू विझते आणि माणूस जोर लावून ओढतो. तुमच्याकडून नेमके हेच झाले. आगकाडीने पेटवा, मात्र काडीवरचे रसायन जळून गेल्यावरच ती वाटीवर न्या. वाटी गालाला टेकवता येत नसेल तर ती खाली ठेवा, विझली तरी चालेल. प्रत्येक वेळी शक्यतो तळापर्यंत ओढा, नाहीतर थर वरच बसतो आणि तळ कोरा राहतो. एकदा ओढल्यावर पाइपला किमान एक दिवस विश्रांती द्या. थर सुमारे एक ते दीड मिलिमीटर झाला की वाढलेला भाग खरवडून काढत जा. जाड थर तापल्यावर लाकडापेक्षा वेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतो आणि चांगली वाटीही उकलते.

धागाकर्ता

लेप देऊन चार दिवस वाळवला आणि त्यानंतर घरात बसून, आगपेटीने पेटवून, तीन वेळा अर्धी वाटी ओढली. लेप जागेवर आहे, बाहेरून त्या ठिकाणी बोट टेकवून ठेवता येते आणि भेगांच्या दोन रेषा आता दिसेनाशा झाल्या आहेत. नळी अजून सैलच आहे, पण आपोआप गळून पडत नाही. तिला तूर्त हात लावत नाही.