‘पौगंड’, ‘किशोर’ की ‘कुमार’ : चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकाला म्हणावे काय?

ग्रंथसेविका, परळ

आमच्या वाचनालयात आठवी ते दहावीच्या मुलांसाठी एक स्वतंत्र कपाट लावले आहे आणि त्यांनी कोणत्या कादंबऱ्या वाचाव्यात याची एक छापील यादीही मी सध्या करत आहे. इंग्रजीत ज्याला ‘यंग अ‍ॅडल्ट’ म्हणतात, तो प्रकार मनात धरून मी पुठ्ठ्यावर जाड पेनाने ‘पौगंडवयीनांसाठी कादंबऱ्या’ असे लिहिले आणि ती पाटी कपाटाला चिकटवली. दुसऱ्याच दिवशी आमचे एक ज्येष्ठ सभासद पाटीसमोर थांबले आणि म्हणाले, “ताई, पौगंड वय दहाव्या वर्षी संपते. हे कपाट चौथीच्या मुलांचे आहे का?” मी चकित झाले, कारण पौगंडावस्था म्हणजे साधारण तेरा ते एकोणीस हे वय, असेच आम्ही अध्यापनाच्या अभ्यासक्रमात शिकलो होतो. त्याच संध्याकाळी नववीतल्या एका मुलीने त्या कपाटातून एक पुस्तक काढले, मलपृष्ठ वाचले, दोन पाने चाळली, मग तिची नजर पाटीवर गेली आणि तिने पुस्तक होते तिथे परत सरकवून ठेवले. मी कारण विचारले, तर ती हळूच म्हणाली, “काकू, हा शब्द आम्हाला शरीराच्या धड्यात असतो.” मी त्याच वेळी पाटी उतरवली.

माझे प्रश्न दोन आहेत. या वयाच्या वाचकासाठी योग्य मराठी शब्द कोणता, आणि यादीत कोणत्या कादंबऱ्या घ्याव्यात?

निवृत्त संस्कृत शिक्षक, विलेपार्ले

आपल्या ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे संस्कृतच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. ‘कौमारं पञ्चमाब्दान्तं पौगण्डं दशमावधि’ हे वचन प्रसिद्ध आहे. पाच वर्षांपर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, पंधरापर्यंत कैशोर आणि त्यापुढे यौवन, अशी ती चढण आहे. मराठीत मानसशास्त्राची पाठ्यपुस्तके तयार होताना ‘पौगंड’ हा शब्द आठ-नऊ वर्षे पुढे ढकलला गेला आणि तिथेच रुजला. माझ्या मते हा अपराध नाही, परंतु आपल्यापुढे निवड आहे तर मूळ अर्थाशी इमान राखणारा शब्द घ्यावा, आणि तो ‘किशोर’ आहे. संस्कृतात किशोर म्हणजे घोड्याचे पिल्लू, शिंगरू. धावण्याची ओढ आहे पण अजून खोगीर चढलेले नाही, असे ते वय. वाचकासाठी याहून सुंदर शब्द मला सुचत नाही.

कबड्डी पंच, प्रभादेवी

सरांविषयी आदर राखून लिहितो. लालबाग-परळ-प्रभादेवीच्या मैदानांवर गेली अनेक वर्षे ‘किशोर गट’ आणि ‘कुमार गट’ या शब्दांशी माझा रोजचा संबंध आहे. कबड्डीत किशोर गट सोळा वर्षांखालचा आणि कुमार गट वीस वर्षांखालचा असतो. म्हणजे आमच्याकडे किशोर धाकटा आणि कुमार थोरला, तर आपल्या वचनात कुमार पाच वर्षांचे बाळ आणि किशोर त्याच्याहून मोठा. ज्या मुलाने काल कुमार गटात चढाई केली, त्याला पाच वर्षांचा म्हणण्याची माझी तरी छाती होणार नाही. मुंबईतल्या मुलांच्या कानावर हे शब्द मैदानातून पडतात, श्लोकांतून नव्हे. पाटी त्यांच्यासाठी असेल, तर त्यांच्या कानांचा विचार आधी करावा. माझे मत ‘कुमार’ला.

एक आई, मुलुंड

‘किशोर’बद्दल माझी एक व्यावहारिक हरकत आहे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १४ नोव्हेंबर १९७१ रोजी सुरू झाले आणि त्यावर आमची पिढी वाढली. माझ्या मुलानेही ते चौथी-पाचवीत आवडीने वाचले. आता तो पंधरा वर्षांचा आहे, आणि त्या नावाशी त्याच्या मनात रंगीत चित्रे व कोडी जोडलेली आहेत. ज्या कपाटावर तो शब्द असेल तिथे तो मित्रांसमोर उभा राहणार नाही. मासिकाविषयी मला प्रेमच आहे, दोष शब्दाचाही नाही, पण पंधराव्या वर्षी दहाव्या वर्षाचे काहीही नकोसे होते, हे घरोघरचे आहे. आमच्या आजी या वयाला ‘अडनिडे वय’ म्हणत. ना धड लहान, ना धड मोठे. तो शब्द मला अजूनही सर्वांत खरा वाटतो.

भाषाशुद्धीचा आग्रही, गिरगाव

चर्चा मुळातच चुकीच्या जागी सुरू झाली आहे. ‘यंग अ‍ॅडल्ट’ ही परकी कल्पना जशीच्या तशी उचलून तिला मराठी झगा शिवण्याचा हा प्रयत्न आहे. सावरकरांनी ‘महापौर’, ‘दिनांक’, ‘चित्रपट’ हे शब्द दिले, तेव्हाही ते लोकांना अवघडच वाटले होते, आज ते आपल्या तोंडी सहज आहेत. नवा शब्द घडवावा आणि तो नेटाने वापरावा. मी ‘नवयौवन कादंबरी’ सुचवतो. ‘अडनिडे’ हा शब्द घरात ठीक आहे, ग्रंथालयाच्या पाटीवर त्याने वाचकाचा अवमान होईल.

अनुवादिका, गोरेगाव

‘नवयौवन’ हा शब्द मराठीत शृंगाराच्या बाजूला इतका झुकलेला आहे की, आठवीतल्या मुलाच्या पालकांनी ती पाटी वाचून काय समजावे, याची मला खरोखर चिंता वाटते.

मी या प्रकारातल्या तीन कादंबऱ्यांचे मराठी अनुवाद केले आहेत आणि मलपृष्ठावर काय छापावे, यावर प्रकाशकांशी दर वेळी वाद झाला आहे. इंग्रजी संज्ञेकडे जरा नीट पाहू. अमेरिकन ग्रंथपालांच्या संघटनेत या वाचकांसाठी स्वतंत्र विभाग १९५७ मध्ये झाला आणि आज तिथे बारा ते अठरा हे वय धरले जाते. म्हणजे संज्ञेत ‘अ‍ॅडल्ट’ आहे, पण वाचक प्रौढ नाही. ‘तू मोठा आहेस’ असे त्या नावाने आधीच सांगून टाकलेले आहे. ‘अ‍ॅडल्ट’ आणि ‘अ‍ॅडोलेसंट’ हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन धातूपासून आलेले आहेत, एक ‘वाढून झालेला’ आणि दुसरा ‘वाढत असलेला’. आपले किशोर, कुमार, पौगंड हे शब्द वयाचा आकडा सांगतात, वाढ चालू असल्याचे सांगत नाहीत. ‘वाढते वय’ मात्र ते सांगते.

अधिक अवघड गाठ समासाची आहे. ‘बालसाहित्य’ म्हणजे बालांसाठी साहित्य. परंतु ‘ग्रामीण कादंबरी’ म्हणजे खेडुतांसाठी कादंबरी नव्हे, खेड्याविषयीची कादंबरी. मग ‘कुमार कादंबरी’ म्हणजे कुमारांसाठी की कुमारांविषयी? मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ २००४ ची आहे. तिचा निवेदक नववीतला आहे, काळ आणीबाणीचा आहे, पण ती मोठ्यांच्या कपाटात राहते. प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’मधला लंपन तर त्याहून लहान आहे आणि त्याचे निस्सीम वाचक बहुतेक चाळिशीच्या पुढचे आहेत. ही पुस्तके ताईंच्या यादीत येतात की नाही, हे शब्दावर नव्हे, त्या समासाच्या विग्रहावर ठरेल. मी स्वतः ‘शाळा’ निःसंकोच देईन.

आणखी एक, गिरगावच्या आग्रही सदस्यांसाठी. ‘कादंबरी’ हे सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या नायिकेचे नाव आहे. ते एका साहित्यप्रकाराचे नाव व्हावे, असे बाणाने योजलेले नव्हते. वापराने ते झाले. ‘पौगंड’ही तसेच झाले असेल, तर तक्रार कशाची?

निवृत्त संस्कृत शिक्षक, विलेपार्ले

‘कादंबरी’चा दाखला मान्य. परंतु तिथे अर्थाची वाट रुंद झाली, ‘पौगंड’मध्ये घर बदलले, हा फरक लहान नाही. कबड्डीच्या पंचांना मात्र मी एक गोष्ट देऊ इच्छितो. ‘कुमार’ला मराठीत वयच उरलेले नाही. कुमार गंधर्वांना ती पदवी बालपणी मिळाली आणि १९९२ मध्ये सदुसष्टाव्या वर्षी ते गेले, तेव्हाही ते कुमारच होते. साठीच्या अविवाहित बाईंच्या नावामागे आपण ‘कु.’ लिहीत आलो. ज्या शब्दाला वय नाही, तो पाटीवर वय कसे दाखवील?

एक आई, मुलुंड

सर, ‘किशोर’ म्हणजे शिंगरू हे वाचून आठवले. मुले या वयात उलट उत्तरे देऊ लागली की ‘शिंगे फुटली’ म्हणतात, ते या शिंगरावरूनच आले असावे ना?

निवृत्त संस्कृत शिक्षक, विलेपार्ले

नाही, बाई. शिंगराला शिंगे येत नाहीत. ‘शिंगे फुटणे’ हे वासरावरून आलेले दिसते. ध्वनी जुळला म्हणजे व्युत्पत्ती जुळते असे नाही, हे मी पस्तीस वर्षे वर्गात सांगत आलो आहे.

भाषाशुद्धीचा आग्रही, गिरगाव

‘नवयौवन’ मागे घेतो. ‘उमलत्या वयाच्या कादंबऱ्या’ असे म्हणावे. परंतु ‘यंग अ‍ॅडल्ट’ची ‘वाय-ए’ ही अक्षरे मराठी ग्रंथालयाच्या कपाटावर येता कामा नयेत, यावर मी ठाम आहे.

ग्रंथसेविका, परळ

सर्वांची मनापासून आभारी आहे. छपाईला यादी शनिवारी द्यायची आहे आणि आतापर्यंत तिच्यात दोनच नावे आली आहेत, तीही समासाच्या उदाहरणापुरती. कृपया पुस्तकेही सुचवावीत, विशेषतः मुलींना आपलीशी वाटतील अशी. कपाटावर सध्या पाटी नाही. काल ती नववीतली मुलगी पुन्हा आली होती. तिने तेच पुस्तक काढले, या वेळी नोंदवहीत सहीही केली आणि ते दप्तरात तळाशी, वह्यांच्या खाली ठेवले.

कबड्डी पंच, प्रभादेवी

ताई, पुस्तकांत मला फारशी गती नाही, त्यामुळे नावे इतरांनी द्यावीत. सरांना मात्र एवढेच कळवतो की खो-खोमध्ये किशोर गट चौदा वर्षांखालचा आणि कुमार गट अठरा वर्षांखालचा असतो. म्हणजे मैदानावर ‘कुमार’ला वय आहे, आणि ते प्रत्येक स्पर्धेआधी जन्मदाखला पाहून तपासले जाते.