जुनी ट्रॉली जोडी घेतोय, बघायला गेल्यावर काय काय तपासायचं?

वाळवा_शेतकरी

नमस्कार मंडळी. आमचा ५० एचपीचा ट्रॅक्टर आहे, आत्तापर्यंत नांगरट आणि रोटरवरच चालवला, यंदा ऊस वाहतुकीला लावायचं चाललंय म्हणून चार चाकी ट्रॉलीची जुनी जोडी बघतोय. नवीन जोडी आमच्या बजेटात बसत नाही. तासगाव भागात एक जोडी आहे, एमएच १० (सांगली आरटीओ) पासिंग, मालक तीन लाख म्हणतोय. फोटोत तर एकदम चकाचक दिसत्यात, नवा लाल रंग, टायर पण काळेभोर. रविवारी बघायला जायचंय. ट्रॅक्टर घ्यायचा असला तर इंजिन ऐकून थोडंफार कळतं पण ट्रॉलीत बघायचं तरी काय हेच कळंना झालंय. कागदाचं पण सांगा, मालक म्हणतोय आत्ता नोटरी करून देतो, नावावर नंतर सावकाश करू. जे सीझनला स्वतः ट्रॉल्या चालवतात त्यांनी जरा सविस्तर सांगा.

पलूस_फॅब्रिकेशन

दादा, माझं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे, सीझनच्या आधी आणि नंतर ट्रॉल्याच ट्रॉल्या येतात दुरुस्तीला, म्हणून पहिली गोष्ट सांगतो, रंगाकडं बघूच नका. हौद्याला बाहेरनं रंग मारला असंल तर ठीक आहे, सगळेच मारतात विकताना. पण खाली चॅसीला, ट्रॅक्टरला जोडायच्या दांडीला, टर्न टेबलला (पुढची चाकं ज्यावर वळतात त्या रिंगा) पण ताजा रंग दिसला तर तिथंच खाली वाकून बघायचं, कारण खालच्या बाजूला हौसेनं रंग कोण मारत नाही.

दांडीपासून सुरू करा. जिथं पिन बसते ती रिंग आतनं किती घासलीय ते बोट घालून बघा, गोल भोक लांबट झालं असंल तर रिंग बदलायची, ते काम मोठं नाही. मोठं काम दांडी जिथं टर्न टेबलच्या फ्रेमला जोडलीय तिथं असतं, तिथली वेल्डिंग परत परत केलेली असती, एकावर एक थर दिसतात. एकदा तडा गेलेल्या जागी पट्टी न ठोकता नुसतं वरनं वेल्डिंग मारलं की ते भरल्या ट्रॉलीत शेजारनं परत फाटतं.

तडा आहे का नाही ते बघायची सोपी पद्धत सांगतो. संशय वाटतो ती जागा वायर ब्रशनं घासा, डिझेल लावा, पाच-दहा मिनिटं मुरू द्या, मग फडक्यानं एकदम कोरडं पुसा आणि वर पांढऱ्या खडूची भुकटी चोळा. तडा असंल तर आत गेलेलं डिझेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर बारीक काळपट रेघ उमटते. रंगावर हे होत नाही, रंग घासून लोखंड उघडं करावं लागतं, मालक नको म्हणाला तर सरळ उठून या.

आता टर्न टेबल. ट्रॉली रिकामी पाहिजे, पुढच्या बाजूला चॅसीखाली जॅक लावून थोडी उचला आणि वरची रिंग आणि खालची रिंग यातली फट बघा, पहार घालून हलवा. ग्रीस वेळेवर दिलेलं नसलं की रिंगा एका बाजूनं खाल्लेल्या असतात, मग वळणावर ट्रॉली कलते. बोल्ट सगळे एका मापाचे आहेत का तेही बघा, दोन नवे चार जुने असं असंल तर आधीचे तुटून पडलेत.

आणि जोडी घेताय म्हणून हे खास सांगतो, पुढच्या ट्रॉलीचा मागचा हुक. मागच्या भरलेल्या ट्रॉलीची सगळी ओढ त्या एका हुकावर आणि तो ज्या आडव्या चॅनलला लावलाय त्यावर येते. लोक पुढची दांडी बघतात आणि मागं कोण जातच नाही. चॅनल मागं फुगलाय का, वाकलाय का, खालनं झोपून बघा. माझ्या मते जोडी घ्यायची का नाही ते या एका जागेवर ठरवावं.

कऱ्हाडचा_सीझनवाला

वर दादांनी सांगितलं ते सगळं बरोबर. माझ्याकडनं थोडी भर.

मालकाला पहिल्यांदा विचारा ट्रॉलीत आत्तापर्यंत काय काय भरलं. फक्त ऊस वाहिला असंल तर हरकत नाही. वाळू, मुरूम, वीट वाहिली असंल तर पाटे (चाकावरच्या पट्टीच्या स्प्रिंगा) आणि ॲक्सल दमलेले असणार, कारण वाळूवाले मापात कधी भरत नाहीत. मळी किंवा रासायनिक खत वाहिलेल्या ट्रॉलीचा पत्रा कोपऱ्यात आणि फाळक्याच्या बिजागरीजवळ सडतो, हातोडीनं ठोकत जायचं, चांगला पत्रा खणखणतो आणि सडलेला बद्द वाजतो. कारखान्यात गव्हाणीवर, म्हणजे ऊस उतरवतात तिथं, क्रेननं ऊस ओढताना एका बाजूची कड वाकते, ते सगळ्याच ट्रॉल्यांना असतं, त्यावर भाव पाडायला मिळतो पण भ्यायचं कारण नाही.

चाकं एक एक करून उचला. वर खाली धरून हलवायचं, खटखट लागलं तर बेअरिंग सैल नाहीतर गेलेलं. मग फिरवून कान लावायचा. हबची टोपी काढून ग्रीस बोटावर घ्या, दुधासारखं पांढरट झालं असंल तर पाणी शिरलंय, आणि उन्हात धरल्यावर चमचम दिसली तर बेअरिंगचं लोखंड झिजून त्यात आलंय. हे टोपी काढायचं काम कोण करत नाही पण त्यातनं मालकानं ट्रॉली कशी सांभाळली ते सगळं कळतं.

पाट्यात मधलं एखादं पान तुटलंय का बघा, तुटलेल्या जागी गंजाची उभी रेघ दिसते. यू बोल्टच्या शेजारी ॲक्सलवर चकाकी दिसली तर तिथं ॲक्सल सरकतोय. दांडीच्या रिंगेपासून पुढच्या दोन्ही चाकांच्या हबपर्यंत दोरीनं माप घ्या, दांडी सरळ ठेवून. दोन्ही बाजू सारख्या आल्या पाहिजेत, फरक आला तर ॲक्सल तिरका बसलाय आणि ती ट्रॉली रस्त्याला तिरकी चालणार, टायर खाणार.

टायर काळेभोर आहेत म्हणताय ते पॉलिश पण असू शकतं. टायरच्या बाजूला चार आकडी नंबर असतो, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर आणि साल जुनं असंल तर रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेला, असायची शक्यता जास्त, कडेला जोड दिसतोय का ते नखानं बघा. ट्रॉलीला रिमोल्ड चालतात, पण मग नव्या टायरचा भाव द्यायचा नाही.

एक मनापासून सांगतो. बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतो, दोन भरलेल्या ट्रॉल्या उताराला फक्त ट्रॅक्टरच्या ब्रेकवर आणि गिअरवर थांबतात. त्यामुळं पिन, लॉक आणि सेफ्टी साखळी हे पैसे वाचवायचे विषय नव्हेत. मागचे लाइट, वायरिंगचा प्लग, लाल रेडियम पण तपासा. उसाचे शेंडे मागं लोंबतात आणि लाइट झाकून टाकतात, रात्री मोटरसायकलवाला पार जवळ येईपर्यंत त्याला ट्रॉली दिसत नाही. सीझनला आपल्या सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यात दरवर्षी असे जीव जातात. घेतल्यावर पहिला खर्च रेडियमचा करा आणि लाल कापड भरल्यावर उसाच्या मागं बांधायची सवय ड्रायव्हरला लावा.

वाळवा_शेतकरी

लई उपयोगी सांगितलंत दोघांनी पण. वेल्डरला सोबत नेतोय. भाव बरोबर आहे का ते कसं ठरवायचं? आणि नोटरीचं कोण सांगतंय का?

पलूस_फॅब्रिकेशन

भावासाठी एक हिशोब करा. वजन काट्यावर रिकामी ट्रॉली चढवा, जेवढे किलो भरतील त्याला त्या दिवशीच्या भंगाराच्या दरानं गुणा. ही सगळ्यात खालची किंमत, याच्या खाली कोणच देणार नाही. मग त्यावर टायरचे वेगळे पैसे धरा आणि खाली जे काम निघंल त्याचे वजा करा. काट्यावर चढवायचा दुसरा फायदा म्हणजे आरसी बुकात रिकामं वजन लिहिलेलं असतं, प्रत्यक्ष वजन बरंच जास्त आलं तर नंतर चॅनल, पट्ट्या ठोकल्यात, बरंच कमी आलं तर पत्रा हलका बदललाय. फरक का आला ते मालकाला विचारा. आणि घाई नसंल तर पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचं गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये घेणारे कमी असतात तेव्हा भाव उतरतो, दसऱ्याच्या तोंडावर सगळेच शोधत असतात.

मिरज_पासिंगकाम

नोटरीवर ट्रॉली घेऊ नका, स्पष्ट सांगतो. ट्रॉलीचं आरसी ट्रॅक्टरपेक्षा वेगळं असतं, दोन ट्रॉल्या म्हणजे दोन आरसी, दोन चॅसी नंबर. नंबर दांडीवर नाहीतर चॅसीच्या चॅनलवर पंच केलेला असतो, रंग घासून तो स्वतः वाचा आणि आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. नुसती प्लेट रिव्हेट केलेली असंल आणि खाली पंच नसंल तर थांबा. एमपरिवहन ॲपवर गाडी नंबर टाकला की विमा, बोजा (गाडीवरचं कर्ज) ही माहिती येते, ती घरी बसूनच बघून जा.

बोजा असंल तर बँकेची एनओसी (बाकी नसल्याचा दाखला) आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. आपल्याकडं वाहतुकीच्या करारावर पतसंस्थेनं किंवा कारखान्यानं उचल दिलेली असते, ती आरसीवर कधी दिसत नाही, म्हणून मालक कुणाकडं वाहतूक करत होता ते विचारून तिथं बाकी आहे का चौकशी करा. वाळू वाहिली असंल तर तहसीलला दंडाची केस आहे का तेही बघा, ट्रॉली जप्तीत अडकली की सोडवताना नाकी नऊ येतात.

व्यवहाराच्या दिवशीच फॉर्म २९ आणि ३० वर (नाव बदलायचे अर्ज) मालकाच्या सह्या घ्या. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत, हे कायद्यातच आहे. दुसऱ्या पासिंगची असती, एमएच ११ (सातारा) किंवा एमएच ५० (कऱ्हाड), तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते का ते विचारावं लागलं असतं, तुमची एमएच १० म्हणजे तो त्रास नाही. मालकाला पण हे समजावून सांगा, नाव बदललं नाही आणि अपघात झाला तर भरपाई नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याच्यावर येते, सुप्रीम कोर्टानं २०१८ ला तसंच सांगितलंय. हे ऐकल्यावर मालक स्वतःच आरटीओला येतो.

विमा वेगळा बघा. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉलीचा नंबर आणि प्रीमियम नसंल तर ट्रॉलीनं झालेल्या अपघाताला कंपनी हात वर करते. दोन्ही ट्रॉल्या पॉलिसीवर चढवून घ्या.

वाळवा_शेतकरी

काल जाऊन आलो. पुढची ट्रॉली चांगली निघाली, हब उघडले, ग्रीस स्वच्छ, मागच्या हुकाचा चॅनल सरळ. दुसरीच्या दांडीच्या मुळाशी खडूवर बोटभर रेघ उमटली, वेल्डर म्हणाला पट्टी घालून नीट होईल पण टर्न टेबलची रिंग पण एका बाजूनं खाल्लीय. ॲपवर दुसरीवर एका बँकेचा बोजा दिसतोय, मालक म्हणतोय फेडलाय पण एनओसी जवळ नाही. दोन्हीचे मिळून दोन साठ म्हणालाय आता.

मिरज_पासिंगकाम

पहिली एकटी देतो का विचारून बघा. दुसरीचं एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्यावर तिचा भाव वेगळा बोला, तोवर तिचा इसार सुद्धा देऊ नका.

पलूस_फॅब्रिकेशन

आणि दुसरी घेतलीच तर टर्न टेबल जुनं शोधत बसू नका, नवीनच टाका, त्याचे पैसे आत्ताच भावातनं कापून घ्या. दांडीला पट्टी दोन्ही बाजूनं आणि खालनं मारायला सांगा वेल्डरला, आधी तड्याच्या दोन्ही टोकांना भोक पाडून, नाहीतर तडा पट्टीखालनं पुढं सरकतो.